पिकले केस, झिजले मणके
बेळगुंदीच्या शिवारात दिवसभर ओणवे होऊन भातलावणी केलेल्या वडीलधाऱ्यांची पाठ दुखू लागते. तपासणीत ‘मणक्यांची झीज’ निघते आणि सारे घर धास्तावते. परंतु झीज म्हणजे रोगच, असे आम्हांस म्हणवत नाही. मणक्यांमधील २३ गाद्यांतील पाणी वयोमानाने घटते, त्या चपट्या होतात, उंचीही किंचित कमी होते. केस पिकावेत, तसेच हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठदुखी नसलेल्या पन्नाशीतील सुमारे ८० टक्के लोकांच्या गाद्याही झिजलेल्या आढळल्या. तेव्हा केवळ अहवाल वाचून अंथरूण धरू नये; चालणेफिरणे आणि झेपेल ते काम चालू ठेवावे. मात्र पायांतील शक्ती गेली, लघवीवरील ताबा सुटला, पाठदुखीसोबत ताप आला किंवा पडल्यानंतर तीव्र वेदना सुरू झाली, तर ते वयाचे म्हणून सोडू नये. तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.