बरगीत एक चमचा साखर

जबलपूरजवळच्या बरगी धरणात एक चमचा साखर टाकली आणि सगळे पाणी नीट ढवळता आले, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये साखरेचे किती रेणू येतील? एकही नाही, असेच वाटते. मोजून पाहू.

साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. त्यात अ‍ॅव्होगाड्रो संख्येइतके, म्हणजे ६०२२ वर २० शून्ये इतके रेणू असतात. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखरेत साधारण ८८ वर २० शून्ये. भरलेल्या बरगीत सुमारे ४०० कोटी घनमीटर पाणी मावते, म्हणजे ४ वर १५ शून्ये इतके मिलिलिटर. भागाकार करा. उत्तर येते २२ लाख!

आता होमिओपॅथीच्या बाटलीवरचे ‘३०सी’ पाहा. एक भाग औषध, ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल. हेच तीस वेळा. दर पायरीला दोन शून्ये, एकूण ६०. बरगीतली आपली साखर तर आठव्या पायरीलाही पोचत नाही. पूर्ण एक मोल औषधाने सुरुवात केली, तरी बाराव्या पायरीनंतर एखादा रेणू उरेल याची खात्री नसते. तिसाव्या पायरीला उरते ती नुसती गोड गोळी. म्हणून ताप आला तर तिच्या भरवशावर राहू नका. सरळ एमआय रूम गाठा.