गळाला लागते ती चिलापी

गंगापूर धरण आणि सोमेश्वर यांच्या दरम्यान गोदावरीकाठी गळ टाकून बसावे, ते मरळ किंवा वांब मिळेल या आशेने. गांडूळ लावावे, मोरपिसाच्या देठाची काडी पाण्यावर तरंगत सोडावी आणि वाट पाहावी. काडी बुडते, वर येते ती वीतभर चिलापी!

हा मासा मूळचा आफ्रिकेतला. गरिबांना स्वस्त अन्न मिळावे म्हणून तो १९५२ साली भारतात आणला गेला. हेतू चांगलाच होता. पण रोहू-कटला वर्षातून एकदा, पावसाळ्यात वितात. चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की विऊ लागते, आणि वर्षातून अनेकदा. नर तळाशी खड्डा करतो. मादी अंडी तोंडात घेते आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. त्या दिवसांत ती जवळजवळ काही खात नाही. म्हणजे गळाला लागतात ते नर आणि रिकाम्या माद्या. पोरवडा पाण्यातच सुखरूप!

विलायतेत ज्या ट्राऊटसाठी शौकीन लोक पैसे मोजतात, तोच साध्या माशांसाठी बसलेल्या गळवाल्याला नकोसा होतो म्हणे. तेव्हा उपद्रवी कोण, हे ज्याच्या त्याच्या गळावर अवलंबून.

पूर्वी मी चिलापी वैतागून परत पाण्यात सोडीत असे. आता शेजारी बसणारे एक आजोबा ती मागून घेतात. त्यांच्या घरी कालवण होते. मरळ यंदा एकदाच लागली, तीही काठाशी येऊन निसटली.