दोन डॉलरची कंपनी

रात्रीचे अकरा वाजलेले असतात, मेसचा चहा संपलेला असतो, उद्याचं सबमिशन अर्धवट पडलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये कंपन्या स्थापन होतात. आमचीही तशीच झाली. फरक एवढाच की आमची कंपनी खरोखर रजिस्टर झाली, आणि तीही थेट सिंगापूरला!

ती दोन वर्षांत बंद पडली. "काहीतरी प्रेरणादायी लिहून दे," असं संपादक मंडळाचं म्हणणं होतं. पण मित्रांनो, प्रेरणा तुमच्याकडे पोत्याने आहे. आमच्याकडेही होती. कमी पडली ती माहिती. म्हणून ती आज लिहितोय.

सिंगापूरच का?

पास आउट झाल्यावर मी आणि माझ्या रूम पार्टनरने शीतगृहातलं तापमान सतत मोजणारा एक सेन्सर आणि त्याचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. मासळी साठवणारा सिंगापूरचा एक ग्राहक मिळाला. तो म्हणाला, "इथली कंपनी असेल तर करार करायला सोपं जाईल." झालं! आम्ही त्याच रात्री नेटवर बसलो.

वाचलेलं सगळं मोहात पाडणारं होतं, आणि त्यातलं बहुतेक खरंही आहे. तिथे बहुतेक क्षेत्रांत परदेशी माणूस कंपनीचा १०० टक्के मालक होऊ शकतो. भांडवल किमान १ सिंगापूर डॉलर असलं तरी चालतं. कंपनीच्या नफ्यावर १७ टक्के कर आहे. नव्या कंपनीने अटी पाळल्या, तर पहिली तीन वर्षं पहिल्या १ लाख डॉलर करपात्र उत्पन्नापैकी ७५ टक्के आणि पुढच्या १ लाखापैकी ५० टक्के माफ असतं. कायद्याची आणि कारभाराची भाषा इंग्रजी. भारताबरोबर दुहेरी कर टाळण्याचा करार १९९४ पासून आहे. आणखी काय हवं?

नोंदणी म्हणजे सगळ्यात सोपा पेपर

तिथे कंपन्यांची नोंदणी 'अक्रा' नावाची सरकारी संस्था करते. नावासाठी १५ डॉलर आणि नोंदणीसाठी ३०० डॉलर एवढी सरकारी फी. नाव कुठल्या खात्याकडे तपासायला गेलं नाही, तर काम बऱ्याचदा एका दिवसात होतं. आपल्या कॉलेजात बोनाफाइड मिळायला याहून जास्त वेळ लागतो! मात्र परदेशी माणसाला त्या पोर्टलवर स्वतः अर्ज करता येत नाही. तिथल्या नोंदणीकृत एजंटमार्फतच जावं लागतं. शिवाय तीन गोष्टी लागतातच.

पहिली, तिथे राहणारा किमान एक डायरेक्टर. दुसरी, तिथे राहणारा कंपनी सेक्रेटरी, जो नोंदणीपासून सहा महिन्यांच्या आत नेमावा लागतो. कंपनीत एकच डायरेक्टर असेल, तर त्याला स्वतःलाच सेक्रेटरी होता येत नाही. तिसरी, तिथला खरा पत्ता. पोस्ट बॉक्स नंबर चालत नाही.

आपण इथे हॉस्टेलात, मग तिथे राहणारा डायरेक्टर आणायचा कुठून? तो एजंट वार्षिक फी घेऊन पुरवतो. त्याला नॉमिनी डायरेक्टर म्हणतात. तो तुमचा धंदा चालवत नाही, पण कायद्याने त्याची जबाबदारी पूर्ण डायरेक्टरचीच असते, म्हणून तो अनामत मागतो आणि कागद तपासत राहतो. जून २०२५ पासून याचे नियम आणखी कडक झाले आहेत. आता नॉमिनी पुरवणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते आणि तो माणूस त्या कामाला लायक आहे याची खात्री तिला करून घ्यावी लागते.

सरकारी फी ३१५ डॉलर खरी, पण नॉमिनी, सेक्रेटरी, पत्ता आणि हिशेब मिळून आमचं पहिल्या वर्षाचं बिल साधारण साडेचार हजार डॉलर झालं. तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांच्या वर! आणि हा खर्च धंदा होवो न होवो, दरवर्षी उभाच. मेसचं बिल तरी सुट्टीत कमी होतं.

कंपनी तुमची, पण व्हिसा?

इथे अनेक जण फसतात. कंपनीचे मालक किंवा डायरेक्टर झालात म्हणून तिथे राहून काम करायचा हक्क मिळत नाही. आम्हाला वाटलं होतं की व्हिजिटर म्हणून जायचं, ग्राहकाकडे सेन्सर बसवायचे, आणि परत यायचं. सुदैवाने सेक्रेटरीबाईंनी वेळीच थांबवलं. मीटिंगला बसणं वेगळं, आणि शिडीवर चढून सेन्सर बसवणं वेगळं. दुसऱ्यासाठी वर्क पास लागू शकतो.

नेहमीचा रस्ता म्हणजे एम्प्लॉयमेंट पास. तुमचीच कंपनी तुम्हाला नोकरीवर ठेवते आणि अर्ज करते. १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जांसाठी किमान पगार महिना ५,६०० डॉलर आहे, आणि वय वाढतं तसा तो आकडाही वाढतो. वर सप्टेंबर २०२३ पासून 'कंपास' नावाची गुणपद्धत आहे, त्यात ४० गुण लागतात. म्हणजे पासिंगला आपल्याइतकेच चाळीस! पण हे चाळीस पगार, डिग्री, कंपनीत कोणकोणत्या देशांचे लोक आहेत, स्थानिकांना किती नोकऱ्या आहेत, अशा गोष्टींवर मिळतात. नवउद्योजकांसाठी 'आंत्रेपास' हा वेगळा पास आहे. तो मिळवायला मान्यताप्राप्त गुंतवणूकदाराचा पैसा, स्वतःचं तंत्रज्ञान किंवा तसंच काही भक्कम दाखवावं लागतं.

आपल्या बाजूचं दार

आता मुख्य मुद्दा. तिथे आत जायचं दार सताड उघडं आहे, पण इथून बाहेर पडायच्या दारावर रजिस्टर ठेवलेलं आहे. हॉस्टेलच्या गेटवर असतं तसंच. सही न करता गेलात तर त्या क्षणी कोणी अडवत नाही. पकडलं जातं परत येताना.

या रजिस्टरचं नाव फेमा, १९९९ चा परकीय चलनाचा कायदा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. पण परदेशी कंपनीत पैसे घालायचे, तर २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेले परदेशी गुंतवणुकीचे नियम पाळावे लागतात. आधी बँकेत 'फॉर्म एफसी' भरायचा. बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडून एक क्रमांक मिळतो, त्याला यूआयएन म्हणतात. त्यानंतरच पैसे पाठवायचे. सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेला दाखवायचं, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक अहवाल द्यायचा.

यात दोन खाचा आहेत. एक, व्यक्ती म्हणून तुम्ही परदेशी कंपनीचे शेअर घेऊ शकता, पण त्या कंपनीला कर्ज देऊ शकत नाही. दोन, ती परदेशी कंपनी तुमच्या ताब्यात असेल, तर सर्वसाधारणपणे तिच्याखाली उपकंपनी असता कामा नये. म्हणजे 'वर सिंगापूरची आई, खाली पुण्याची लेक' हे चित्र फळ्यावर कितीही छान दिसलं, तरी दोन पोरांना स्वतःच्या नावावर सहजासहजी काढता येत नाही.

आम्ही पहिल्याच खाचेत पडलो. एजंटने फॉर्ममध्ये विचारलं, "भांडवल किती?" आम्ही हुशारीने लिहिलं, २ डॉलर. दोघांचा एकेक शेअर! कमीत कमी किती चालतं ते वाचलं होतं ना. मग कंपनी चालवायला पैसे लागले, ते पाठवले कर्ज म्हणून. कर्ज परत घेणं सोपं, असा आमचा हिशेब. ते पैसे होते सहा लाख, आणि ते माझ्या पार्टनरच्या आईने पीएफमधून काढून दिले होते. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "कागद नीट बघितलेत ना रे?" आम्ही दोघंही "हो" म्हणालो.

दीड वर्षाने एक गुंतवणूकदार तयार झाला. त्याच्या वकिलाने हिशेब बघितले आणि यूआयएन मागितला. आमच्याकडे तो नव्हताच. नियम असा, की रिपोर्टिंगमधली चूक नियमित केल्याशिवाय पुढचे पैसे पाठवता येत नाहीत. नुसता उशीर असेल तर लेट फी भरून सुटतं. आमचं कर्ज मुळातच नियमाबाहेरचं होतं, म्हणून रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा अर्ज करावा लागला. सीएची फी, पत्रव्यवहार, महिन्यांमागून महिने. गुंतवणूकदार काही काळ थांबला, मग नम्रपणे निघून गेला. तिकडे नॉमिनीची फी चालूच. शेवटी कंपनी रजिस्टरवरून काढून टाकायचा अर्ज केला. सहा लाखांतले परत आले एक लाख चाळीस हजार. पार्टनरने नोकरी धरली, आणि तो आजही दर महिन्याला आईच्या खात्यात हप्ता भरतो. काकूंनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्याचंच जास्त लागतं.

कराबद्दल थोडंसं

'सिंगापूरला १७ टक्के' म्हणून उड्या मारू नका. तुम्ही इथे राहत असाल, तर तिकडून मिळालेला पगार किंवा लाभांश इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा असतो, आणि तिथले शेअर आणि बँक खातं 'शेड्यूल एफए'मध्ये लिहायचं असतं. लपवलं, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. छोट्या रकमांना काही सूट आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

शिवाय एक 'पोएम' असते. कविता नव्हे! कंपनीचे खरे निर्णय कुठे घेतले जातात, ती जागा. सगळे निर्णय हॉस्टेलच्या खोलीत होत असतील, तर ती कंपनी भारताचीच रहिवासी धरली जाऊ शकते. २०१७ च्या परिपत्रकाने वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढालीच्या कंपन्यांना यातून वगळलं आहे, पण कंपनी मोठी करायचं स्वप्न असेल तर हे डोक्यात असू द्या.

परतीचा रस्ताही महाग पडतो. फोनपेने २०२२ मध्ये आपलं मूळ ठिकाण सिंगापूरहून भारतात आणलं, तेव्हा गुंतवणूकदारांवर सुमारे ८,००० कोटी रुपयांचा कर बसला.

मग करायचं काय?

आधी स्वतःला विचारा, की परदेशी कंपनी खरंच हवी आहे का? परदेशातला ग्राहक इथूनही सांभाळता येतो. इथल्या कंपनीने परदेशात सेवा विकली, तर ती निर्यात. त्यासाठी एलयूटी भरलं की जीएसटी न आकारता बिल करता येतं. आम्ही त्या मासळीवाल्याला हे कधी विचारलंच नाही. तो 'सोपं जाईल' म्हणाला होता, 'नाहीतर करार नाही' असं म्हणाला नव्हता. दोन वाक्यांतला हा फरक आम्हाला सहा लाखांना पडला.

परदेशात कंपनी हवीच असेल, तर पुढच्या भांडवलाचा अंदाज घेऊन शेअर काढा. एक रुपयाही पाठवण्याआधी बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज खात्यात जाऊन बसा आणि फेमा कळणारा सीए गाठा. वर्षाला १० लाखांच्या वर रक्कम पाठवलीत, तर वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो पुढे करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून पडतो. आणि दोन वर्षांचा ठरलेला खर्च हातात नसेल तर थांबा.

यातलं काहीच अवघड नाही. थर्मोडायनामिक्सहून तर नक्कीच सोपं आहे. आम्ही सर्किटची प्रत्येक लाइन तीनदा तपासली, आणि फॉर्म मात्र रात्री दोन वाजता डोळे चोळत भरला. तुमच्यापैकी कोणी आज रात्री कॉरिडॉरमध्ये कंपनी काढणार असेल, तर खुशाल काढा. फॉर्म मात्र सकाळी भरा.