जुना ट्रॅक्टर घेताना
शेती वाढली की भाड्याचा ट्रॅक्टर ऐन वाफशावर मिळत नाही, आणि जुना का होईना, आपला असावा असं वाटतं. तो बघायला सकाळीच जा. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन दोष लपवतं. निळसर धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय, म्हणजे इंजिनकाम जवळ आलंय. मग नांगर जोडून लिफ्टवर उचला आणि इंजिन बंद करा. नांगर भराभर खाली बसला तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. नव्या रंगावर भुलू नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ बघितल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.