हट्टी कॉर्डचिन्हे आणि गायकाची पट्टी

गणेशोत्सवातील भावगीतांचा कार्यक्रम असो वा शाळेचे स्नेहसंमेलन, गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी साथीदार एकत्र जमतात ते बहुधा कार्यक्रमाच्या दिवशीच. कीबोर्डवादक गावातला, गिटारवादक कोल्हापूरचा, तर एखादा सीमेपलीकडच्या संकेश्वरचा. तालमीला तास-दीड तास मिळाला तरी पुष्कळ. अशा वेळी सर्वांना एका धाग्यात बांधतो तो एक छापील कागद. गाण्याचे शब्द, त्यांच्यावर स्वररेषा आणि त्याहून वर कोणत्या मात्रेला कोणती कॉर्ड धरायची याची चिन्हे. हा कागद पूर्वी हाताने लिहीत. आता तो संगणकावर, संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतो. आणि तेथेच एक जुनी तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: कॉर्डची चिन्हे हवी तशी ठरवून दिली तरी ती ऐकत नाहीत. एकदा बदललेली परत पूर्वीसारखी होतात, किंवा निम्मी बदलतात आणि निम्मी तशीच राहतात.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. गायकाने ऐनवेळी ‘आज काळी एक नको, पांढरी एक धरू’ असे म्हटले, की सगळ्या कॉर्ड एका अर्धस्वराने खाली यायला हव्यात. डी फ्लॅट, जी फ्लॅट आणि ए फ्लॅट यांच्या जागी अनुक्रमे सी, एफ आणि जी. कागदावरची चार चिन्हे जुन्याच पट्टीत राहिली, तर त्या चार ठिकाणी साथ उघडपणे बेसूर होते, आणि दोष मात्र वादकाच्या माथी येतो.

चिन्ह की नुसता मजकूर?

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने कागदावर दिसणारे ‘सी’ हे अक्षर दोन प्रकारचे असू शकते. ते कॉर्डचिन्ह म्हणून भरले असेल, तर सॉफ्टवेअर त्याचा मूळ स्वर व प्रकार ओळखते आणि पट्टी बदलताना तेही बदलते. तेच अक्षर साधा मजकूर म्हणून टंकलेले असेल, तर सॉफ्टवेअरला ते ‘सूचना’ किंवा ‘सावकाश’ या शब्दांइतकेच परके. दिसायला दोन्ही सारखी. वागायला सर्वस्वी भिन्न. निम्मी चिन्हे बदलतात आणि निम्मी बदलत नाहीत, याचे पहिले कारण बहुधा हेच असते.

म्युझस्कोर हे विनामूल्य सॉफ्टवेअर, तसेच सिबेलियस यांत कंट्रोल आणि के या कळा एकदम दाबल्या की कॉर्डचिन्हाची जागा उघडते. तेथेच अक्षर लिहावे. शार्पसाठी हॅशची खूण आणि फ्लॅटसाठी इंग्रजी लहान ‘बी’ लिहिला की सॉफ्टवेअर त्याचे योग्य चिन्ह बनवते. म्युझस्कोरमध्ये पट्टी बदलण्याच्या खिडकीत कॉर्डचिन्हेही बदलावीत का, अशी स्वतंत्र चौकट असते. तिच्यातली खूण निघालेली असेल तर स्वर हलतात आणि कॉर्ड जागीच राहतात.

आणखी एक फसवी जागा म्हणजे स्वरनामांची पद्धत. म्युझस्कोरच्या कॉर्डचिन्हांच्या स्टाईलमध्ये प्रचलित, जर्मन, सोल्फेज अशा पद्धती निवडता येतात. जर्मन पद्धतीत ‘बी’ म्हणजे बी फ्लॅट, आणि शुद्ध बीला ‘एच’ म्हणतात. कोठून तरी मिळवलेल्या फाइलमध्ये ही पद्धत आधीच निवडलेली असेल, तर ‘बी’ लिहूनही भलताच स्वर वाजतो. येथे वादकाचा कान बरोबर असतो आणि कागद चुकलेला असतो.

सेटिंगचे चार मजले

सेटिंग ‘परत जाते’ असे वाटते तेव्हा ती बहुधा परत गेलेली नसते. ती दुसऱ्या मजल्यावर केलेली असते. पहिला मजला सॉफ्टवेअरच्या मूळ ठरावांचा, म्हणजे नवी फाइल उघडताना जे आपोआप लागू होते त्याचा. दुसरा त्या विशिष्ट फाइलच्या स्टाईलचा. तिसरा प्रत्येक वादकासाठी वेगळ्या काढलेल्या पानांचा. चौथा एकेका चिन्हावर हाताने केलेल्या बदलाचा. नियम असा, की वरचा मजला खालच्यावर मात करतो.

म्हणूनच एका गाण्याच्या फाइलमध्ये केलेली सजावट दुसऱ्या गाण्यात दिसत नाही. ती दुसऱ्या मजल्यावरची आहे, पहिल्यावरची नव्हे. म्युझस्कोरमध्ये ती ‘सेव्ह स्टाईल’ करून वेगळी जपावी, आणि पसंतीच्या सेटिंगमध्ये नव्या फाइलसाठी तीच स्टाईल नेमून द्यावी. डोरिकोमध्ये याच कामासाठी ‘सेव्ह ॲज डिफॉल्ट’ असते. सिबेलियसमध्ये ‘हाऊस स्टाईल’ एका फाइलमधून काढून दुसरीत आणता येते. मुख्य पानावर बदल दिसतो, पण गिटारच्या पानावर नाही, असे झाले तर तो तिसऱ्या मजल्याचा प्रश्न. म्युझस्कोरच्या स्टाईलच्या खिडकीत सर्व पानांना लागू करण्याचे बटण त्यासाठीच आहे. आणि सगळी चिन्हे बदलली, पण दोनच हट्टाने तशीच राहिली, तर त्यांवर कधीतरी हाताने केलेला बदल चिकटून आहे असे समजावे. तो बदल रद्द केला की तीही मुकाट्याने रांगेत येतात.

फाँटचा घोळ

मराठी वापरकर्त्याला यापुढची एक अडचण येते. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. गाण्याचे शब्द लिहिताना सगळ्या पानाला असा फाँट दिला, तर कॉर्डचे ‘सी’ हे अक्षर एखाद्या देवनागरी तुकड्यासारखे उमटते. फाइल पेन ड्राइव्हवरून छपाईच्या दुकानात नेली आणि तेथे तो फाँट नसला, तर उलटे होते: शब्दांची इंग्रजी खिचडी होते. शब्दांसाठी युनिकोड फाँट वापरणे, कॉर्डचिन्हांचा फाँट वेगळा ठेवणे आणि दुकानात मूळ फाइलऐवजी पीडीएफ नेणे, हा त्यावर साधा उपाय.

सरगमचे काय?

कॉर्डची नावे सा-रे-ग-मध्ये दाखवता येतील का, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. म्युझस्कोरच्या यादीत तो पर्याय नाही. परंतु त्याची गरज तरी आहे का, हे पाहण्यासारखे आहे. सी, डी ही नावे ठरावीक उंचीच्या स्वरांची. ‘सा’ मात्र गायक धरील तेथे. पट्टी बदलली तरी सा हा साच राहतो. म्हणजे सरगम लिहायची तर ती साध्या मजकुरात लिहिली तरी बिघडत नाही, कारण तिला बदलायचेच नसते. कॉर्डचे इंग्रजी नाव मात्र बदलायलाच हवे.

सरगम लिहितानाही पद्धत आधी ठरवलेली बरी. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेले पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आणि मुंबईचे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) या दोघांनी स्वरलेखनाच्या स्वतंत्र पद्धती रूढ केल्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे. मध्यमावरची उभी रेघ एकीकडे तीव्रतेची, तर दुसरीकडे उभी रेघ तार सप्तकाची. चिन्ह तेच, अर्थ उलट. संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘सेटिंग कोणती?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे होताच.

तपासण्याचा क्रम

चिन्ह हट्टाला पेटले की आधी ते खरोखर कॉर्डचिन्ह आहे की मजकूर, हे पाहावे. मग स्वरनामांची पद्धत, मग फाइलची स्टाईल, मग वेगळी पाने, आणि शेवटी हाताने केलेले बदल. फाँट त्यानंतर. दर वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळत नाही. स्टाईलची जपलेली फाइल गाण्यांच्या फाइलींबरोबरच ठेवावी. सॉफ्टवेअरचेही आयुष्य असते: १९८८ पासून चालत आलेल्या फिनालेचा विकास ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवण्यात आला. म्हणून महत्त्वाची गाणी म्युझिक-एक्सएमएल या सामाईक स्वरूपातही साठवावीत. सजावट त्यात पूर्णपणे टिकेलच असे नाही, पण स्वर आणि कॉर्ड टिकतात.

अखेरची परीक्षा मात्र पडद्यावर होत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फाइलची एक प्रत करावी, ती अर्ध्या स्वराने खाली आणावी आणि एकेक कॉर्ड मूळ कागदाशी ताडून पाहावी. एकही चिन्ह जुन्या पट्टीत अडकलेले नसेल, तर गायकाने ऐनवेळी कोणतीही पट्टी मागितली तरी साथीदारांना निर्धास्तपणे मांडी घालून बसता येते.