वस्तीने बांधलेली घरे

घरांच्या दुर्भिक्षाचा विचार करताना आपल्यापुढे बहुधा दोनच वाटा येतात. एक सरकारची: शासनाने जमीन आणि पैसा द्यावा, इमारती उभाराव्यात आणि सोडत काढून त्या गरजूंना वाटाव्यात. दुसरी बाजाराची: ज्याच्या पदरी जेवढा पैसा, तेवढे घर त्याने घ्यावे आणि बाकीच्यांनी थांबावे. या दोन्ही वाटांनी आपली शहरे वाढली हे खरे. परंतु ज्यांची कमाई रोजच्या रोज हाती येते आणि रोजच्या रोज संपते, ज्यांच्यापाशी ना पगाराचा दाखला, ना जामीन राहणारा कोणी, अशा लक्षावधी कुटुंबांच्या दारापर्यंत त्या पुरत्या पोचल्या नाहीत. त्यांच्यासाठी तिसरी एक वाट आहे, आणि ती म्हणजे रहिवाशांनी आधी एकत्र येऊन पैसा, माहिती आणि परस्परविश्वास यांचे भांडवल साठवायचे आणि त्या बळावर सरकारदरबारी व सावकारापुढे, बँकेपुढे आणि बिल्डरपुढे बरोबरीच्या नात्याने उभे राहायचे. महाराष्ट्रात या वाटेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

तो इतिहास मुंबईत गावदेवीपासून सुरू होतो. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली, आणि पुढे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा पाया घातला. मुंबई इलाख्यातील ही आद्य गृहनिर्माण संस्था मानली जाते. यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पतपेढी आधी आली आणि घर नऊ वर्षांनी आले. म्हणजे एकमेकांच्या शब्दावर पैसे देण्याघेण्याची सवय ज्या मंडळींना लागलेली होती, त्यांनीच पुढे एकत्र राहण्याचे धाडस केले. इमारत संस्थेच्या मालकीची आणि सभासद हा संस्थेचाच भाडेकरू, अशा तत्त्वावर ही व्यवस्था उभी असल्याने घर नफ्यासाठी हातोहात फिरण्याची वस्तू राहिली नाही. मात्र हा प्रयोग मुख्यतः कारकून, शिक्षक, वकील अशा नियमित मिळकतीच्या वर्गाचा होता. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांना तो कसा साधावा, हा प्रश्न पुढची कित्येक दशके अनुत्तरित राहिला.

त्या प्रश्नाला वाचा फुटली ती १९८१ च्या पावसाळ्यात. मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पाडून तेथील माणसांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचा हुकूम राज्य सरकारने काढला, आणि त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस व अन्य अर्जदारांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जो निर्णय दिला, त्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व निःसंदिग्धपणे मान्य झाले. परंतु त्याच निर्णयाने, रीतसर नोटीस देऊन व पावसाळा संपल्यावर, पदपथ मोकळे करण्याची महापालिकेला मुभाही दिली. तत्त्व पदरात पडले, घर मात्र पडले नाही. पुढे काय करायचे हे आता त्या माणसांनाच ठरवायचे होते.

भायखळ्यात १९८४ साली स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने, महापालिकेच्या दवाखान्याच्या मागील जागेत बसून, पदपथावरील स्त्रियांशी बोलायला सुरुवात केली होती. पाडापाडीची टांगती तलवार असताना या मंडळींनी पहिले काम हाती घेतले ते मोजणीचे. १९८५ साली भायखळ्याच्या परिसरातील व काही मुख्य रस्त्यांवरील सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी झाली, आणि तिच्यातून जे चित्र निघाले ते शहराच्या समजुतीहून फार वेगळे होते. पदपथावरची माणसे काल-परवा आलेली नव्हती. कित्येकांची तेथे दहा-वीस वर्षांची वहिवाट होती. ती दुष्काळी आणि दरिद्री जिल्ह्यांतून आली होती आणि हमाली, हातगाडी, घरकाम, फेरीविक्री असली कामे करीत होती. गाडीभाडे परवडत नसल्यामुळेच ती कामाच्या ठिकाणापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर राहत होती. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद नाही त्यांना सरकार आपले कसे मानणार? स्वतःची नोंद स्वतः करणे हीच या चळवळीची पहिली पायरी ठरली.

दुसरी पायरी बचतीची. १९८६ साली या स्त्रियांचे 'महिला मिलन' उभे राहिले. घरोघर फिरून रोज जमेल तेवढी रक्कम, मग ती एक रुपया का असेना, गोळा करण्याची पद्धत त्यांनी बसवली. बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येकीच्या नावाची प्लॅस्टिकची पिशवी ठेवून तिच्यात रंगीत कागदाचे चौकोनी तुकडे टाकायचे, एकेका रंगाला एकेक रक्कम ठरवायची, आणि हिशेबाच्या वेळी ते तुकडे सर्वांदेखत मोजायचे, अशी युक्ती त्यांनी योजली. निरक्षर बाईलाही आपला हिशेब आपल्या डोळ्यांनी तपासता यावा, यासाठी ही तजवीज होती. याच शिलकीतून एखादीला मुलाच्या आजारपणात किंवा कामाचा खाडा पडल्यावर कर्ज मिळे, आणि ती ते फेडी. दररोजच्या या फेरीने पैसा साठला, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोणाच्या घरी काय अडचण आहे, कोण शब्दाला जागते, कोणाला आधार हवा, हे साऱ्या गल्लीला ठाऊक झाले. घरासाठी कर्ज मागण्याची वेळ आली तेव्हा हीच ओळख त्यांची पत ठरली. १९७० च्या दशकात जॉकिन अर्पुथम यांनी झोपडपट्टीवासीयांचा जो महासंघ बांधला होता, त्याची साथ या कामाला लाभली. ज्या अर्पुथम यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांनी मानखुर्दजवळची आपली जनता कॉलनी १९७६ साली डोळ्यांदेखत उठवली जाताना पाहिली होती.

तिसरी पायरी घराच्या कल्पनेची. आपल्याला कसे घर हवे, हे या बायकांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. त्यांनी वास्तुशास्त्रज्ञांच्या मदतीने पण स्वतःच्या मापांनी आराखडे केले. लांबीरुंदी मोजायला फूटपट्टी नसली तर साडी होती, कारण साडीची लांबी आणि पन्हा प्रत्येकीला तोंडपाठ. लाकूड आणि कापड यांच्या, खऱ्या घराएवढ्या प्रतिकृती त्यांनी मैदानात उभ्या केल्या, आणि मंत्री, अधिकारी, अभियंते यांना बोलावून त्यांतून फिरवले. जमीन थोडी, माणसे फार. तेव्हा खोलीची उंची १४ फूट ठेवावी आणि अर्ध्या भागावर माळा काढावा, म्हणजे त्याच जमिनीत झोपायला व सामानाला वेगळी जागा होते, ही सूचना त्यांचीच. शौचालय प्रत्येक घरात नको, काही कुटुंबांत मिळून एक आणि घराबाहेर असावे, हेही त्यांनी ठरवले. पाण्याची टंचाई आणि खोलीचा संकोच यांचा ज्यांना रोज अनुभव होता, त्यांचा तो विचारपूर्वक केलेला निर्णय होता. शहराच्या विकास आराखड्यात दुर्बल घटकांच्या घरांसाठी राखलेल्या मोकळ्या जमिनी कोठे आहेत, हे पाहायला या बायका बसने जाऊन आल्या. तरीही मानखुर्दला 'मिलन नगर' उभे राहून पदपथावरील कुटुंबे तेथे जाईपर्यंत जवळजवळ दोन दशके लोटली. इतका काळ ज्यांनी बचत थांबवली नाही, त्यांच्या चिकाटीला तोड नाही.

या पद्धतीची मोठी कसोटी लोहमार्गांच्या कडेला लागली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या विस्तारासाठी रुळांलगतच्या झोपड्या हलवणे भाग होते, आणि २००० च्या सुमारास दहा हजारांहून अधिक कुटुंबे तेथून स्थलांतरित झाली. कुटुंबांच्या याद्या, शेजाऱ्यांचे गट आणि बचतीच्या वह्या तयार असल्यामुळे त्यांतील बहुतेक स्थलांतर रहिवाशांनी स्वतःच पार पाडले. मात्र या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. कामाची जागा दूर गेल्याने अनेकांची कमाई घटली, आणि बहुमजली इमारतींत पाण्याचा पंप, लिफ्ट व साफसफाई यांचा खर्च दर महिन्याला दारात येऊन उभा राहिला.

म्हणूनच माणसांना न हलवता जागच्या जागी घर सुधारणे अधिक श्रेयस्कर ठरते. पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांत जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेखाली हा प्रयोग झाला. पक्की घरे तशीच राहू द्यायची, कच्ची तेवढी पाडून त्याच जागेवर सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधायची आणि गल्लीची ठेवण मोडायची नाही, असे तेथे ठरले. प्रत्येक घराच्या खर्चातला एकदशांश वाटा रहिवाशाने द्यायचा होता. जागा अपुरी पडली तेथे दोन-तीन कुटुंबांनी जमीन एकत्र करून एकावर एक मजले चढवले. अशी तडजोड कागदी हुकमाने होत नसते, त्यासाठी शेजाऱ्यांनी एकत्र बसावे लागते.

सोलापूरने याच सूत्राला कामगार संघटनेची जोड दिली. तेथील विडी कामगार स्त्रियांचे घर हेच त्यांचे कारखान्याचे दालन. पान कापणे, तंबाखू भरणे, विड्या वळणे हे सारे एका खोलीत, लेकराबाळांच्या गर्दीत चालते. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली या स्त्रियांनी सहकारी संस्था स्थापन केली आणि गोदावरी परुळेकरांचे नाव घेऊन कुंभारी येथे १०,००० घरांची वसाहत उभारली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे ६०,००० रुपयांच्या घरासाठी केंद्राने, राज्याने आणि कामगार स्त्रीने समसमान वाटा उचलला. तिच्या वाट्याचे २०,००० रुपये दर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून उभे राहिले, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या घराला दान म्हणण्याची हिंमत कोणाला होणार नाही. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची 'रे नगर' ही वसाहत आखली गेली आणि तिच्यातील पहिल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला.

घर मिळवणे जितके अवघड, तितकेच ते राखणे. स्वस्त घर एकदा बाजारात शिरले की पुढच्या पिढीला ते महागच मिळते. म्हणून ठरावीक मुदतीपर्यंत विक्रीस बंदी घालणारी कलमे योजनांत असतात. पण निव्वळ कलमाने माणूस थांबत नाही. कर्ज फिटत नसेल, दुखणे निघाले असेल, तर घर गुपचूप दुसऱ्याच्या हाती जाते. अशा वेळी संस्थेचा संकटनिधी असेल, तर घरही वाचते आणि माणूसही. जुन्या सहकारी इमारतींना हाच न्याय लागू आहे. संस्थेने बिल्डरच्या हाती सूत्रे न देता स्वतःच पुनर्बांधणी करावी, यासाठी राज्य शासनाने २०१९ साली स्वयंपुनर्विकासाचे धोरण जाहीर केले. त्याचा लाभ ज्या संस्थेचे सभासद एकदिलाने वागतात आणि हिशेब उघडे ठेवतात, तिलाच घेता येईल.

आणि काहींना भिंतींपेक्षा अधिक आधार लागतो. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या, बऱ्या झालेल्या परंतु घरच्यांनी परत न नेलेल्या स्त्रियांसाठी चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने २०१५ च्या सुमारास 'होम अगेन' हा उपक्रम सुरू केला. चार-पाच जणींनी सामान्य वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचे, स्वयंपाक, बाजारहाट, सणवार आपले आपण करायचे, आणि मदतीला एक प्रशिक्षित कार्यकर्ती असायची, अशी ही साधी योजना. त्यात सर्वांत मोठा वाटा आहे तो त्यांना सामावून घेणाऱ्या शेजाऱ्यांचा.

या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, परवडणाऱ्या घरांची कोणतीही योजना आली तर इमारतीचा नकाशा पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मोजणी कोणी केली? बचतीची वही कोणाच्या हाती आहे? घर कसे हवे, हे त्यात राहणाऱ्या बाईला विचारले का? या प्रश्नांची उत्तरे वस्तीतून आली नसतील, तर योजना कितीही भव्य असो, तिच्या खोल्या काही वर्षांत दुसऱ्याच्या हाती जातील. शासनाने जमीन आणि अर्थसाहाय्य द्यावे, ते त्याचे कर्तव्य आहे आणि त्याला त्यातून सूट नाही. परंतु निर्णयाचा अधिकार रहिवाशांपाशीच राहिला पाहिजे. आणि तुमच्याआमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत शेजारच्या वस्तीच्या पुनर्वसनाचा विषय निघेल, तेव्हा त्या वस्तीच्या प्रतिनिधींना त्या सभेचे निमंत्रण जाईल एवढे तरी आपण पाहावे.