पूर्व आफ्रिकेंतील मुक्काम : समुद्र आणि अरण्य

स्वाहिली भाषेंत 'सफारी' या शब्दाचा अर्थ केवळ 'प्रवास' एवढाच आहे. अरबींतील ज्या शब्दापासून तो आला, त्याच शब्दापासून मराठींत 'सफर' हा शब्द रूढ झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' व बंदराला 'बंदारी' म्हणतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील गलबतें ईशान्येचा वारा धरून तिकडे जात आणि नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला म्हणजे परतत; त्या शेंकडों वर्षांच्या दळणवळणाची ही खूण आहे. पुढें १८९६ सालीं मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे लोहमार्ग बांधण्यास आरंभ झाला, तेव्हां तीस हजारांहून अधिक भारतीय मजूर त्या कामावर नेण्यांत आले व त्यांपैकीं सुमारें अडीच हजार तेथेंच मरण पावले. आज मुंबईहून नैरोबीस विमानानें सुमारें सहा तासांत पोंचतां येतें, आणि एकाच सुट्टींत सिंह व समुद्र हे दोन्ही पाहावे या इच्छेनें अनेक कुटुंबें तिकडे जातात.

अशा कुटुंबापुढें मुख्य प्रश्न असतो तो मुक्कामाचा, आणि तो बहुधा खोलीच्या चित्रांवरून सोडविला जातो. परंतु खोली कितीहि सुंदर असली, तरी ती अरण्याच्या दारापासून दोन तासांवर असेल, किंवा तिच्यापुढील समुद्र दिवसांतून दोन वेळां दूर निघून जात असेल, तर त्या सौंदर्याचा उपयोग थोडा. या सहलीचा खर्च सामान्य कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या बचतीएवढा असतो व दिवस मात्र आठ-दहाच असतात. म्हणून प्रथम नकाशा, मग पंचांग, आणि शेवटीं खोली असा क्रम ठेवणें हिताचें आहे.

नकाशा उघडला म्हणजे असें दिसून येतें कीं, प्रत्येक किनाऱ्याला त्याचें जवळचें अरण्य आहे. केनियांत मोंबासा व त्याच्या दक्षिणेस असलेला डियानीचा किनारा यांची जोड त्सावोशीं आहे. त्सावोच्या पूर्व भागाचें प्रवेशद्वार वोई या गांवाजवळ असून, तें मोंबासापासून सुमारें दीडशे किलोमीटरांवर आहे. २०१७ सालीं सुरू झालेली मोंबासा–नैरोबी रेल्वेहि तेथें थांबते. मसाई मारा मात्र देशाच्या दुसऱ्या टोंकास आहे. किनाऱ्यावरून तेथें मोटारीनें जावयाचें म्हटलें तर दोन दिवस वाटेंतच जातात. तेव्हां लहान विमानाचा खर्च सोसणें किंवा त्सावोवर समाधान मानणें, हेच दोन शहाणपणाचे मार्ग उरतात. टांझानियांत झांझीबार बेटावरून सेरेंगेटी व न्गोरोंगोरोकडे जाण्यास विमानच सोयीचें. ज्यांना इतकें दूर जावयाचें नाहीं, त्यांच्यासाठीं २०१९ सालीं सेलूस अभयारण्यांतून वेगळें काढलेलें न्येरेरे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथें रुफिजी नदींतून नावेनें हिंडून पाणघोडे व मगरी पाहतां येतात. या लहान विमानांत सामान्यतः माणशीं पंधरा किलो सामान, तेंहि मऊ पिशवींत, नेऊं देतात. कठीण पेटी घेऊन जाणाऱ्याची तेथें अडचण होते.

अरण्यांतील मुक्कामासंबंधीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. वन्य पशु पहांटेनंतरच्या दोन-तीन तासांत व सूर्यास्तापूर्वीं हिंडतांना दिसतात. दुपारीं सिंह झुडपाच्या सावलींत निजून असतो. उद्यानाचे दरवाजे सकाळीं सहाच्या सुमारास उघडतात व संध्याकाळीं तितक्याच सुमारास बंद होतात. ज्याचा मुक्काम दरवाजाच्या आंत आहे, तो पहिल्या उजेडालाच पशूंमध्यें असतो. बाहेरच्या गांवीं तासाभराच्या अंतरावर उतरलेल्याचा हाच उत्तम काळ रस्त्यावर व दरवाजावर जातो. बाहेरची खोली स्वस्त पडते हें खरें. परंतु तीन दिवसांच्या मुक्कामांत रोज दोन तास गेले, तर वांचलेल्या पैशांची खरी किंमत काय, याचा हिशेब करून पाहावा. वीस हजार चौरस किलोमीटरांहून विस्तृत असलेल्या त्सावोंत तर पाणवठ्याच्या कांठची जागाच घ्यावी. कोरड्या ऋतूंत तेथील तांबड्या धुळीनें माखलेले हत्ती आपणच पाण्यावर येतात, व घरांतील वृद्धांना ओसरीवर बसूनहि ते पाहतां येतात.

न्गोरोंगोरोचा प्रकार निराळा आहे. तें एका प्राचीन ज्वालामुखीचें प्रचंड विवर असून त्याचा तळ कांठापासून सुमारें सहाशें मीटर खोल आहे. तळाशीं राहण्याची सोय नाहीं. प्रवासी कांठावर तरी राहतात किंवा खालीं कराटू गांवांत. कांठाची उंची सुमारें तेवीसशें मीटर असल्यानें जून-जुलैमध्यें तेथें रात्रीं चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणजे उष्णता, या समजुतीनें केवळ सुती कपडे नेणारे तेथें कुडकुडत बसतात. लहान मुलें व दम्याचे रोगी बरोबर असतील, तर कराटूचा मुक्काम अधिक सुखाचा होतो.

आतां पंचांगाकडे वळूं. रानगव्यासारखें दिसणारें, पण वस्तुतः हरिणवर्गांतलें विल्डबीस्ट नांवाचें जनावर लाखोंच्या संख्येनें पावसामागून फिरत असतें. फेब्रुवारीच्या सुमारास हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेस न्डुटूजवळ वितात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते मसाई मारांत असतात. म्हणून सेरेंगेटींतील एकच निवासस्थान एका महिन्यांत उत्तम व दुसऱ्या महिन्यांत निरुपयोगी ठरूं शकतें. मार्चअखेरपासून मेपर्यंत 'मसीका' म्हणजे मोठा पाऊस असतो. त्या काळांत भाडीं उतरतात, परंतु रस्ते चिखलानें भरतात व कांहीं निवासस्थानें बंदच असतात. मुलांच्या शाळेची मे महिन्याची सुट्टी नेमकी याच काळांत येते, हें महाराष्ट्रांतील कुटुंबांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. दिवाळीच्या सुट्टींत 'वुली' म्हणजे लहान पाऊस असला, तरी तो सहसा थोडा वेळ पडून उघडतो.

समुद्रकांठीं पावसाइतकेंच भरती-ओहोटीचें महत्त्व आहे, आणि कोंकणच्या माणसाला तें समजावून सांगण्याची गरज नाहीं. झांझीबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे व जांबियानी या गांवांपुढें, प्रवाळाची रांग किनाऱ्याशीं समांतर गेली आहे व तिच्या आंतील पाणी उथळ आहे. ओहोटीला हें पाणी इतकें मागें हटतें कीं पोहावयास जागाच उरत नाहीं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तर हा फरक अधिकच जाणवतो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तो कमी असतो. उत्तरेकडील नुंगवी व केंडवा येथें किनारा लवकर खोल होत असल्यामुळें बहुतेक वेळां पोहतां येतें. अर्थात् तेथें गर्दीहि अधिक. परंतु ओहोटीच्या किनाऱ्यालाहि त्याची स्वतःची शोभा आहे. त्या उघड्या वाळूंत स्त्रिया खुंट्या रोवून दोऱ्यांवर समुद्रशेवाळाची लागवड करतात, व त्या मिळकतीवर अनेक घरें चालतात. तेथें चालावयाचें असेल तर जाड तळव्याचे जोडे घालावे, कारण समुद्री साळूचे कांटे पायांत मोडतात. आणि त्या बायकांच्या दोऱ्या तुडवूं नयेत.

ज्यांना पोहण्यापेक्षां इतिहासाची आवड आहे, त्यांनीं एक-दोन रात्री झांझीबारच्या जुन्या दगडी शहरांत काढाव्या. तेथील नक्षीदार दरवाजांवर अरबी कलेबरोबर भारतीय हातांचाहि संस्कार दिसतो. केनियाच्या उत्तर किनाऱ्यावरील लामू बेटाच्या जुन्या नगरांत गल्ल्या इतक्या अरुंद आहेत कीं ओझीं गाढवांवरूनच वाहतात. प्रवाळ व रंगीत मासे पाहावयाचे असल्यास १९६८ सालापासून संरक्षित असलेला वाटामूचा समुद्र योग्य होय.

खोली ठरविण्यापूर्वीं कांहीं प्रश्न लेखी विचारून घ्यावे. भाड्यांत उद्यानाचें शुल्क, मोटार व वाटाड्या धरले आहेत काय? हें शुल्क क्षुल्लक नसतें. २०२४ सालीं मसाई मारांत परदेशी प्रौढ प्रवाशासाठीं तें वर्षाच्या पूर्वार्धांत १०० व उत्तरार्धांत २०० डॉलर, असें दिवसागणिक ठरविण्यांत आलें. मुक्कामाभोंवतीं कुंपण आहे काय? तंबूंच्या पुष्कळ वसाहतींना तें नसतें. रात्रीं हत्ती तंबूंमधून जातात, जेवणाच्या जागेपर्यंत पहारेकरी सोबत येतो, आणि म्हणून कित्येक ठिकाणीं लहान मुलांना घेत नाहींत. शाकाहारी जेवण मिळेल काय, हेंहि आधीं कळवावें. केनिया-टांझानियांत भारतीय वस्ती जुनी असल्यामुळें ती अडचण सहसा येत नाहीं. मच्छरदाणी मात्र सर्वत्र हवीच, कारण किनाऱ्यावर हिंवताप आहे. औषधाविषयीं वैद्याचा सल्ला निघण्यापूर्वींच घ्यावा. पीतज्वराची लसहि निदान दहा दिवस आधीं टोंचून घ्यावी, कारण केनियांतून परतणाऱ्याजवळ भारतांत तिचा दाखला मागतात.

आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : ही जमीन कोणाची? मसाई माराच्या सरकारी राखीव क्षेत्राबाहेर मसाई लोकांच्या खासगी जमिनी आहेत. त्यांपैकीं अनेक मालकांनीं आपले तुकडे एकत्र करून निवासस्थानांना भाड्यानें दिले आहेत. तेथें खाटांची संख्या मर्यादित ठेवतात, रात्रींची फेरी व पायीं हिंडणें यांस परवानगी असते, आणि मालकांस नियमानें भाडें मिळतें. हें भाडें थांबलें तर त्या जमिनीवर तारेचें कुंपण किंवा नांगर येणें स्वाभाविकच आहे. मग विल्डबीस्टच्या कळपांना चरावयास माळ कोठला? प्रवाशानें दिलेल्या पैशाचा एक भाग अशा रीतीनें माळ मोकळा राखण्यांत खर्च होतो.

हें सर्व जमेस धरून नऊ रात्रींची योजना करावयाची, तर पहिली रात्र नैरोबीस, पुढील तीन वा चार मारांत किंवा त्सावोंत, आणि उरलेल्या एकाच किनाऱ्यावर, अशी विभागणी बहुतेक कुटुंबांस सोसते. अरण्य आधीं व समुद्र नंतर हा क्रम सहसा उलटूं नये. पहांटे पांचला उठून धुळींतून हिंडलेल्या मुलांना व वडील माणसांना शेवटचे चार दिवस विसांव्याचे मिळाले, म्हणजे घरीं परततांना कोणी थकलेला नसतो.